काशावर उरलेली नावे

इंदूरच्या एका वाचकभगिनींचे पत्र गेल्या महिन्यात आमच्या हाती आले. सासूबाईंच्या पश्चात त्यांची लाकडी पेटी उघडली, तेव्हा जुन्या जरीकाठांच्या तुकड्यांखाली तांब्याची काही नाणी निघाली. त्यांतल्या एका नाण्यावर एका बाजूस व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आहे आणि दुसऱ्या बाजूस देवास संस्थानाचे नाव व १८८८ हे साल आहे. त्या लिहितात, "नातवंडांनी विचारले, आजी, राज्य पवारांचे होते ना? मग नाण्यावर ही राणी कशी? मला धड सांगता आले नाही. नाणे चिंचेने घासून लख्ख केले आहे. आज त्याची किंमत काय येईल, तेही कळवावे." पत्राच्या शेवटी एक ओळ त्या जाता जाता लिहून गेल्या आहेत. पेटीच्या तळाशी मोडी कागदांचे एक पुडके होते. घरात कुणालाच ते वाचता येत नाही, म्हणून तूर्त माळ्यावर टाकले आहे.

या शेवटच्या ओळीकडे आम्ही लेखाच्या अखेरीस वळणार आहोत. किमतीचा प्रश्न आम्ही सोडून देतो; तो आमच्या अधिकारातला नव्हे. पण नातवंडांनी विचारलेला प्रश्न मोठा मार्मिक आहे. राज्य एकाचे असताना नाण्यावर चेहरा दुसऱ्याचा कसा येतो? हा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वी एका दूरच्या देशातील पोरांनीही आपल्या आजीला विचारला असेल. त्या देशातील राजांची काशाची नाणी एका ओळीत मांडली, की प्रश्नाचे उत्तर नाण्यांमधूनच वाचता येते. म्हणून या वेळी वाचकांना आम्ही तिकडे घेऊन जात आहोत.

त्या देशाचे नाव थ्रेस. उत्तरेस डॅन्यूब नदी, पूर्वेस काळा समुद्र आणि दक्षिणेस ग्रीकांचा ईजियन समुद्र, अशा चौकटीत तो वसला होता. आज त्याचा मोठा भाग बल्गेरियात मोडतो; काही भाग उत्तर ग्रीसमध्ये आणि काही तुर्कस्तानच्या युरोपीय टापूत आहे. रोमच्या सत्तेला हादरवून सोडणारा गुलामांचा पुढारी स्पार्टाकस हा मूळचा थ्रेसचाच. ज्याच्या गाण्याने वृक्ष आणि श्वापदे मोहून जात, त्या ऑर्फियसची कथाही ग्रीकांनी याच भूमीशी जोडली आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने या लोकांविषयी जे लिहिले, त्यात आपलाही उल्लेख आहे, हे वाचून पुष्कळांना नवल वाटेल. संख्येने थ्रेशियन लोक जगात दुसरे, त्यांच्याहून मोठे फक्त हिंदी लोक, असा त्याचा हिशेब आहे. ते एका राजाच्या हाताखाली किंवा एकदिलाने राहते, तर त्यांना कुणीही जिंकू शकले नसते. पण ते त्यांना कधी साधायचे नाही, असेही तो पुढे म्हणतो. हिंदी लोकांविषयी त्याने तसे म्हटले नाही, एवढ्यावर आपण समाधान मानावे!

या मोठ्या लोकसमूहाने स्वतःचा इतिहास लिहून ठेवला नाही. त्यांची बोली होती, पण तिच्यासाठी स्वतंत्र लिपी त्यांनी घडविली नाही. त्यांच्याविषयी जे कळते, ते शेजारच्या ग्रीकांकडून आणि पुढे रोमनांकडून; म्हणजे बहुधा शत्रूंकडून किंवा व्यापाऱ्यांकडून. अशा लोकांच्या राजांची स्वतःची म्हणावी अशी साक्ष फार थोडी असते. थडग्यांतील सोने आणि भांडी आहेत, आणि नाणी आहेत. सोन्याने लोकांचे डोळे दिपतात. बल्गेरियातील पानाग्युरिश्ते गावाजवळ १९४९ च्या डिसेंबरात विटांसाठी माती खणणाऱ्या तिघा भावांना सोन्याची नऊ भांडी सापडली. त्यांचे वजन सहा किलोंहून अधिक भरले. जगभरच्या प्रदर्शनांत ती भांडी मिरवून आली आहेत. परंतु आमचे लक्ष त्यांच्यावर नाही. नखाएवढ्या, हिरवट पडलेल्या काशाच्या नाण्यांवर आहे.

कासे म्हणजे तांबे आणि कथील यांचे मिश्रण. आपल्या घरांत काशाची वाटी असे. उष्ण पडलेल्या तळपायांना तूप लावून ती घासण्याची रीत अनेकांना आठवत असेल. सोन्याचांदीचे नाणे दूरदेशी जाते. सैनिकाचा पगार, खंडणी, मोठा व्यापार यांसाठी ते लागते, आणि ते वितळवले तरी त्याची किंमत उरते. काशाच्या नाण्याचे तसे नाही. त्यातील धातूची किंमत क्षुल्लक. ते चालते ते राजाच्या शब्दावर. भाजी, मासळी, तेल घेताना ते या हातातून त्या हातात जाते, आणि राजाचा शब्द जिथे संपतो तिथे तेही थांबते. म्हणून काशाची नाणी कुठे कुठे सापडली, याच्या खुणा नकाशावर केल्या, की त्या राजाचा शब्द कुठवर मानला जात होता हे उमगते. चांदी राजाची श्रीमंती सांगते; कासे त्याच्यावरचा लोकांचा विश्वास सांगते.

थ्रेसमध्ये अनेक टोळ्या होत्या. त्यांतल्या ओड्रिसी टोळीचा टेरिस हा राजा इ. स. पूर्व पाचव्या शतकात बलवान झाला आणि त्याने पहिले मोठे राज्य उभे केले. त्याचा मुलगा सिटाल्किस इ. स. पूर्व ४२४ मध्ये लढाईत पडला. त्याच्यामागून आलेला पहिला स्यूथिस याच्या काळी राज्याला येणारी खंडणी चारशे टॅलंट चांदीच्या मोलाची होती, असे थ्युसिडिडीस सांगतो. आजच्या मापाने ती सुमारे दहा हजार किलो चांदी होईल. तेवढ्याच मोलाच्या भेटी निराळ्या येत. या देशात देण्यापेक्षा घेण्याची रीत अधिक, भेट दिल्याशिवाय काम होत नाही, असा शेराही त्याने मारला आहे. हे वाचताना कित्येक वाचकांना आपल्या काळातील कचेऱ्या आठवतील, असो.

म्हणजे राज्य आधी भेटींवर चालत होते. याचे एक बोलके चित्र ग्रीक सेनानी झेनोफन याने रेखाटले आहे. इ. स. पूर्व ४०० च्या हिवाळ्यात तो आपल्या भाडोत्री सैन्यासह दुसऱ्या स्यूथिसच्या चाकरीत होता. मेजवानीत एकेक पाहुणा उठून राजाला घोडा, वस्त्रे, चांदीचा पेला अर्पण करी. झेनोफनजवळ देण्यासारखे काही नव्हते, तेव्हा त्याने स्वतःला आणि आपल्या सोबत्यांना राजाच्या मैत्रीसाठी अर्पण करून वेळ निभावून नेली. सैनिकांना दरमहा प्रत्येकी एक नाणे देण्याचे राजाने कबूल केले होते. पगार थकला, तंटे झाले, आणि अखेर हिशेब पुरा झाला तो असा: एक टॅलंट चांदी, सहाशे बैल, चार हजार मेंढरे आणि सुमारे एकशे वीस गुलाम. ज्या राजाला सैन्याचा पगार मेंढरांत चुकवावा लागतो, त्याच्या राज्यात नाणे अजून पुरते रुजलेले नाही, हे उघड आहे.

पुढच्या दोन पिढ्यांत ते रुजू लागले. हेब्रिझेल्मिस नावाच्या राजाचे काशाचे नाणे पाहावे. एका बाजूस तटबंदीचा मुकुट घातलेल्या देवीचे मस्तक, दुसऱ्या बाजूस दोन कानांचे भांडे, आणि भोवती ग्रीक अक्षरांत राजाचे नाव. हे भांडे का? हेब्रोस नदीजवळ किप्सेला नावाचे शहर होते. आज तुर्कस्तानात ते इप्साला म्हणून ओळखले जाते. ग्रीक भाषेत किप्सेली म्हणजे साठवणीचे भांडे. शहराच्या नावावरून चिन्ह घेतले, असे नाणकशास्त्राचे अभ्यासक मानतात. बाजारात बसलेल्या, अक्षर न वाचता येणाऱ्या बाईलाही भांडे पाहून नाणे कुठले हे कळत असणार. नाव परक्या लिपीत, पण खूण आपल्या गावची. थ्रेसच्या नाण्यांची पहिली अवस्था ही.

त्याच्यानंतर इ. स. पूर्व ३८४ च्या सुमारास पहिला कोटिस गादीवर आला. ओड्रिसी राजांत याच्याइतका पराक्रमी आणि याच्याइतका तापट दुसरा झाला नाही. त्याच्याही काशाच्या नाण्यांवर दोन कानांचे भांडे आहे. भांड्यांवरूनच त्याची एक गोष्ट प्लुटार्कने सांगितली आहे. कुणी त्याला अतिशय सुबक, पण नाजूक भांडी भेट दिली. कोटिसने देणाऱ्याचा यथोचित सन्मान केला आणि लगेच एकेक भांडे उचलून फोडून टाकले. कारण विचारता तो म्हणाला, की चाकरांच्या हातून ही फुटतीलच, मग मी संतापेन आणि त्यांना कठोर शिक्षा करीन. त्यापेक्षा आताच फुटलेली बरी. स्वतःच्या रागाची इतकी स्वच्छ ओळख असलेले राजे थोडेच असतात! तरी त्या रागाने अखेर त्याचा घात केला. त्याने दुखविलेल्या एका माणसाच्या दोन मुलांनी, पायथन आणि हेराक्लायडिस या भावांनी, इ. स. पूर्व ३६० च्या सुमारास त्याला ठार मारले. ते दोघे प्लेटोचे शिष्य होते. ज्या अथेन्सने पूर्वी कोटिसला नागरिकत्व आणि सुवर्णमुकुट दिला होता, त्याच अथेन्सने या मारेकऱ्यांनाही नागरिकत्व आणि सुवर्णमुकुट दिले. परक्यांच्या मानमरातबाला किती महत्त्व द्यावे, याचा धडा यात आहे.

बल्गेरियातील रोगोझेन गावी १९८५-८६ मध्ये चांदीची १६५ भांडी सापडली. त्यांतल्या अनेकांवर कोटिसचे नाव कोरलेले आहे. रोगोझेन वायव्येच्या टोकाला, दुसऱ्याच टोळीच्या मुलखात आहे. चांदी कशी दूरवर प्रवास करते, हे यावरून ध्यानात येईल. त्याच कोटिसचे काशाचे नाणे मात्र बहुतेक आपल्या बाजारातच राहिले.

कोटिस मेला आणि हिरोडोटसचे भाकीत खरे झाले. राज्याचे तीन तुकडे झाले. पूर्वेकडे त्याचा मुलगा केर्सेब्लेप्तिस, मधल्या भागात आमाटोकस, पश्चिमेकडे बेरिसादिस. गंमत अशी, की या फाळणीचा नकाशा नाण्यांवरच उमटला आहे. केर्सेब्लेप्तिसने वडिलांचे भांडे चालू ठेवले. आमाटोकसच्या नाण्यावर दुधारी कुऱ्हाड आणि चौकटीतील द्राक्षवेल आहे. ही वेल मारोनिया या मद्यासाठी प्रसिद्ध असलेल्या ग्रीक बंदराच्या नाण्यांवरची. बेरिसादिसच्या घराण्यातील केत्रिपोरिसने मद्याचा देव डायोनायसस आणि त्याचा पेला निवडला. तीन राजे, तीन खुणा, आणि एकाच्या बाजारात दुसऱ्याचे नाणे परके. इ. स. पूर्व ३५६ मध्ये मॅसिडोनच्या फिलिपविरुद्ध केत्रिपोरिसने अथेन्सशी करार केला. त्याचा शिलालेख आजही उपलब्ध आहे. कराराचा उपयोग झाला नाही. फिलिपने एकेकाला निरनिराळे गाठले, आणि इ. स. पूर्व ३४१ पर्यंत तिन्ही राज्ये संपली. जिंकलेल्या मुलखात त्याने आपल्या नावाचे शहर वसविले. ते फिलिपोपोलिस आज प्लोवदिव या नावाने नांदते आहे.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण ती संपली नाही. फिलिपचा मुलगा अलेक्झांडर, आपल्याकडचा शिकंदर, हिंदुस्थानच्या सीमेवरून परतून इ. स. पूर्व ३२३ मध्ये बाबिलोनला मरण पावला. थ्रेस त्याच्या लिसिमाकस या सरदाराच्या वाट्याला आला. लिसिमाकस तिथे पोहोचतो तो समोर वीस हजार पायदळ आणि आठ हजार घोडेस्वार घेऊन एक थ्रेशियन राजा उभा. त्याचे नाव तिसरा स्यूथिस. लिसिमाकसजवळ चार हजार पायदळ आणि दोन हजार स्वार होते, असे डिओडोरस सांगतो. लढाई तुंबळ झाली, निकाल लागला नाही. दहा वर्षांनी स्यूथिसने पुन्हा उठाव केला आणि बाल्कन पर्वतातील वाटा अडविल्या. त्या वेळी तो हरला. तथापि पर्वताच्या पायथ्याशी तुंजा नदीकाठी आपल्या नावाची राजधानी, स्यूथोपोलिस, त्याने उभी केली.

या स्यूथिसची काशाची नाणी आम्हांला सर्वांत जिवंत वाटतात. एका बाजूस दाढीवाले मस्तक, दुसऱ्या बाजूस दौडणारा घोडेस्वार आणि 'स्यूथिसचे' असे ग्रीक शब्द. यांतली पुष्कळ नाणी नव्या धातूची नाहीत. फिलिप, अलेक्झांडर, कासांडर, लिसिमाकस यांची चलनात असलेली नाणी गोळा करून, त्यांवर स्यूथिसने आपला ठसा हातोड्याने उमटविला आहे. भिंगातून निरखले, की स्यूथिसच्या घोड्याच्या पायाखाली कुठे फिलिपच्या घोड्याचा पाय, कुठे जुन्या अक्षराची टोके दिसतात. धातूची टंचाई असेल, घाई असेल. व्यवहारी कारणे नाकारता येत नाहीत. पण ज्याने आपले राज्य बुडविले, त्याच्या नावावर आपले नाव ठोकताना त्या टांकसाळीतील लोहाराचा हात थोडा अधिक जोराने पडला असेल, असे मनात येते खरे. आपल्याकडे असेच घडले आहे. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर विजयी गौतमीपुत्र सातकर्णीचा ठसा पुन्हा मारलेला आहे. देश निराळे, शतके निराळी, पण हातोड्याची भाषा एकच.

स्यूथोपोलिस १९४८ साली सापडले, तेही दैवयोगाने. नदीवर धरण बांधण्याचे काम चालू असताना तटाच्या भिंती उघड्या पडल्या. १९५४ पर्यंत उत्खनन चालले. राजवाडा, चौक, नाणी, एक मोठा शिलालेख हाती आले. त्या शिलालेखात राणी बेरेनिकी आणि तिच्या चार मुलांनी घेतलेली शपथ आहे. मुलांपैकी एकाचे नाव हेब्रिझेल्मिस, म्हणजे जुन्या राजाचे नाव घराण्यात पुन्हा ठेवलेले. नंतर धरण भरले आणि ते शहर आज कोप्रिन्का जलाशयाच्या तळाशी आहे. जलाशयाखाली गेलेली गावे आपणही पाहिली आहेत. उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचा कळस वर येतो आणि काठावरची माणसे गप्प होतात. स्यूथोपोलिस एवढे खोल आहे, की त्याचा कळसही वर येत नाही. मात्र २००४ मध्ये त्याच खोऱ्यातील गोल्यामा कोस्मात्का या टेकाडात एक थडगे उघडले. आत सोन्याच्या पानांचा मुकुट, स्यूथिसच्या नावाचे शिरस्त्राण. आणि प्रवेशद्वारासमोर पुरलेले ब्राँझचे एक मस्तक. दाढी, कपाळावरच्या आठ्या, स्फटिकासारखे डोळे. नाण्यावरचा तो बोटभर चेहरा तेवीसशे वर्षांनी पूर्ण आकारात समोर आला. नाणे हाती नसते, तर हा कोण म्हणून ओळखायला एक आधार कमी पडला असता.

यानंतर गॉल टोळ्या आल्या. त्यांच्या कावारोस या राजानेही थ्रेसमध्ये काशाची नाणी पाडली. मग इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांत मोस्टिस, सादालास असे स्थानिक राजे झाले. त्यांच्या नाण्यांवर नावापुढे 'राजा' ही ग्रीक पदवी आवर्जून असते. कोटिसला ती नाण्यावर घालण्याची गरज वाटली नव्हती. सत्ता आकसते तशी पदवी लांबते, हा नियम केवळ थ्रेसपुरता नाही.

आता शेवटची नाणी. ऑगस्टस रोमचा सम्राट होता आणि थ्रेसच्या गादीवर त्याच्या कृपेने रोइमेताल्किस बसला होता. पूर्वी तो अँटनीच्या बाजूस होता; पारडे फिरताच ऑगस्टसकडे आला. एका मेजवानीत तो या उपकाराची फार फुशारकी मारू लागला, तेव्हा ऑगस्टसने फितुरी आपल्याला आवडते, फितूर आवडत नाही, अशा अर्थाचे उद्गार काढले, असे प्लुटार्क सांगतो. या रोइमेताल्किसची काशाची नाणी विपुल आहेत. एका बाजूस राजा आणि राणी यांची मस्तके एकामागे एक, भोवती 'राजा रोइमेताल्किसचे'. नाणे उलटावे, तर दुसऱ्या बाजूस ऑगस्टसचा चेहरा, भोवती 'सीझर ऑगस्टसचे'. पूर्वी जिथे भांडे, द्राक्षवेल किंवा घोडेस्वार होता, तिथे आता धनी आला. नाणे आपले, टांकसाळ आपली, बाजार आपला, पण नाण्याची एक बाजू गेली.

दुसरी बाजू जायला पन्नास वर्षेही लागली नाहीत. इ. स. १२ मध्ये रोइमेताल्किस वारल्यावर ऑगस्टसने राज्य दोघांत वाटले. सुपीक मुलूख आणि शहरे पुतण्याला, म्हणजे राजपुत्र कोटिसला. डोंगराळ भाग राजाचा भाऊ रेस्कुपोरिस याला. कोटिस सौम्य आणि रसिक होता. काळ्या समुद्राकाठी हद्दपार होऊन पडलेल्या ओव्हिड या रोमन कवीने त्याला काव्यपत्र पाठविले, त्यात कोटिस स्वतः कविता करतो म्हणून त्याची स्तुती केली आहे. पण रेस्कुपोरिसला वाटणी सलत होती. समेट करू म्हणून त्याने पुतण्याला मेजवानीस बोलावले, देवादिकांच्या साक्षीने चाललेल्या त्या भोजनात बेड्या घातल्या, आणि पुढे ठार केले. कोटिसच्या विधवेने रोमच्या सिनेटपुढे दाद मागितली. रेस्कुपोरिसला अलेक्झांड्रियास पाठविण्यात आले आणि तिथे त्याचा शेवट झाला. राज्य दोन्ही घरांच्या मुलांत पुन्हा विभागले, पण अज्ञान मुलांच्या वतीने कारभार पाहण्यास रोमन अधिकारी बसला. इ. स. ४६ मध्ये सम्राट क्लॉडियसने थ्रेस रोमचा प्रांत करून टाकला. यापुढेही तिथल्या शहरांनी तिसऱ्या शतकापर्यंत काशाची नाणी पाडली. चेहरा सम्राटाचा, नाव शहराचे. थ्रेशियन राजाचे नाव नाण्यावर पुन्हा आले नाही.

आता आमच्या इंदूरच्या भगिनींच्या नातवंडांना उत्तर देता येईल. देवासच्या पवारांचे राज्य अठराव्या शतकात तुकोजी आणि जिवाजी या दोघा भावांत वाटले गेले. एकाच गावात थोरली पाती आणि धाकटी पाती असे दोन दरबार नांदले. कोटिस आणि रेस्कुपोरिससारखा रक्तपात त्यांच्यात झाला नाही, हे त्यांचे शहाणपण. परंतु १८८८ मध्ये दोन्ही पात्यांची तांब्याची नाणी निघाली, तेव्हा दोन्हींवर राणी एकच होती. बाळांनो, राज्य पवारांचे होते हे खरे, आणि ते राणीच्या मर्जीवर चालले होते हेही खरे. नाणे दोन्ही गोष्टी सांगते. म्हणून तर त्याला दोन बाजू असतात.

चिंचेबद्दल एक शब्द लिहितो. जुने तांब्याचे किंवा काशाचे नाणे कधीही घासू नये. त्यावरचा हिरवा-तपकिरी थर हे त्याचे कवच असते. घासण्याने अक्षरांच्या कडाही झिजतात. आणि नाणे कुठे, कशाबरोबर मिळाले हे लिहून ठेवावे. बल्गेरियात १९९० नंतर धातुशोधक यंत्रे घेऊन रात्री-अपरात्री टेकाडे उकरणाऱ्यांचा सुळसुळाट झाला. अशी उकरलेली नाणी परदेशी लिलावांत जातात. ग्राहकाला नाणे मिळते, पण ते कुठल्या बाजारात चालत होते हे कायमचे पुसले जाते. म्हणजे काशाच्या नाण्याने सांगायची मुख्य गोष्टच ते सांगू शकत नाही. आपल्याकडे जमिनीत असे धन सापडले, तर १८७८ च्या कायद्यानुसार ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. पेटीतले नाणे त्यात येत नाही. पण "सासूबाईंची पेटी, इंदूर" एवढे चार शब्द चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवण्यास काही खर्च नाही.

शेवटी ते पुडके. थ्रेशियन लोकांच्या राजांची नावे काशावर राहिली, कारण ती ग्रीक लिपीत होती आणि ग्रीक वाचणारे जगात उरले. त्यांची स्वतःची भाषा मात्र गेली. काही शब्द ग्रीक लेखकांच्या पुस्तकांतून अडकून राहिले. 'ब्रिआ' म्हणजे नगर, हे त्यांतलेच एक. बल्गेरियातील एझेरोव्हो येथे १९१२ मध्ये सोन्याची एक अंगठी सापडली. तिच्यावर ग्रीक अक्षरांत पण थ्रेशियन भाषेत एकसष्ट अक्षरे कोरलेली आहेत. प्रत्येक अक्षर स्वच्छ लागते. अर्थ मात्र आजवर सर्वमान्य झालेला नाही. कुणीतरी कुणाला प्रेमाने दिलेली ती अंगठी असेल, कुणाचे नाव असेल, शपथ असेल. विद्वानांनी शंभर वर्षे डोकी खाजविली. ज्या कुणाला ते सहज कळले असते, अशी शेवटची व्यक्ती चौदा-पंधराशे वर्षांपूर्वी केव्हातरी मरण पावली.

आमच्या घरांतील मोडी कागदांची गत अजून तशी झालेली नाही. महाराष्ट्रापासून दूर, माळव्यात, गुजरातेत, तेलंगणात, तंजावरात आपले पूर्वज गेले ते तलवार आणि लेखणी दोन्ही घेऊन गेले. तलवारी भिंतींवर टांगल्या. लेखणीने लिहिलेले माळ्यावर गेले. ती सनद असेल, सावकाराची पावती असेल, लेकीला सासरी धाडलेले पत्र असेल. मोडी वाचणारी माणसे आहेत, वर्ग चालतात, शिकण्यास सहा महिने पुष्कळ होतात. वाचणारे आहेत तोवर ते पुडके कागद आहे. ते गेले की अंगठी होईल.

तेव्हा भगिनींना आमचे उत्तर असे. नाण्याची किंमत सवडीने कुठल्याही सराफाला विचारावी. माळ्यावर मात्र शिडी या पावसाळ्याआधी लावावी. पुडके खाली काढून, सुती कापडात गुंडाळून, कोरड्या जागी ठेवावे, आणि ज्या नातवंडाने राणीचा प्रश्न विचारला त्याच्याच हाती ते द्यावे. ज्याला असा प्रश्न सुचला, त्याला मोडी अवघड जाणार नाही.